आधी कॉफी घ्या

आमचे सासरे सत्तरीला टेकल्यावर अरबी शिकायला लागले, ते एका माणसाने आपल्याला शिवी दिली की काय, एवढं कळून घ्यायला. हे सांगितलं की लोक हसतात. सुरुवातीला मीही हसले होते.

घरी त्यांनी खरं कारण सांगितलं नाही. "डॉक्टरांनी मेंदूला व्यायाम द्यायला सांगितलाय," एवढंच जाहीर केलं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता तो पायाला. मेंदूचं नावही काढलं नव्हतं, आणि हे मला पक्कं ठाऊक, कारण बाबांना दवाखान्यात नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे होतं. "मग शब्दकोडी सोडवा की," आमचे हे म्हणाले. "कोडी झाली सोडवून. आता अरबी," असं म्हणून बाबा वर्तमानपत्रामागे गेले. बाबांशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे या घरात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मला कळलं होतं.

वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. जिना चढताना बाबांना कुणीतरी सोबत लागायचं, आणि घरात 'कुणीतरी' म्हणजे कोण, हे सुनांना वेगळं सांगावं लागत नाही. बाहेरच्या बाकावर जांभया देण्यापेक्षा आत बसलेलं बरं, म्हणून मीही नाव घातलं.

शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा आणि आवाज असा की मागच्या बाकावरचाही ताठ बसेल. त्या स्वतः अरबी. आमच्या गावात चार मुलखांची माणसं आहेत; बाजारात सगळे बोलतात ती मोडकीतोडकी भाषा त्या आमच्याहून बरी बोलायच्या. ती सगळी बोलणी मी इथे आपल्या मराठीत सांगते आहे. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं, का शिकायचंय. एक नर्स होती, तिला पेशंटशी बोलायचं होतं. एक ट्रक ड्रायव्हर होता, गोदामातले हमाल आपल्या पाठीमागे काय बोलून हसतात हे त्याला कळायला हवं होतं. मग बाबांची पाळी आली.

"मला एकच शब्द विचारायचाय," बाबा म्हणाले. "तो कळला की मी निघालो."

"विचारा."

"सलामतक. एका माणसाने मला म्हटलं. शिवी आहे का?"

बाईंनी चष्मा काढला. "कुठे म्हटलं?"

"दवाखान्यात. माझा पाय प्लास्टरमध्ये होता. त्याने असा छातीवर हात ठेवला आणि म्हणाला."

"तुमची प्रकृती सलामत राहो, असा अर्थ आहे त्याचा. आजारी माणसाला म्हणतात. आणि छातीवर हात म्हणजे मनापासून." बाईंनी चष्मा परत घातला. "मग तुम्ही काय उत्तर दिलंत?"

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. काय उत्तर दिलं ते मला माहीत होतं, मी शेजारीच बसले होते. ते लेथवाले काका समोर येऊन उभे राहिले, तशी बाबांनी मान वळवली आणि बाळाला कोणती लस कधी द्यायची, तो भिंतीवरचा तक्ता वाचायला घेतला. काका निघून जाईपर्यंत इतका मन लावून वाचला, की बघणाऱ्याला वाटावं आमच्याकडे लवकरच पाळणा हलणार आहे.

"याला उत्तर असतं," बाई म्हणाल्या. "अल्लाह यसल्लमक. देव तुम्हालाही सलामत ठेवो. आमच्यात प्रत्येक बोलण्याला त्याचं त्याचं उत्तर ठरलेलं आहे. समोरच्याने म्हटलं आणि तुम्ही गप्प राहिलात, तर त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं होतं."

एक शब्द कळला की निघणार होते, ते बाबा उठले नाहीत. तास संपेपर्यंत बसले, आणि पुढच्या वेळी माझ्याआधी चपला घालून दारात तयार होते.

आता हे लेथवाले काका कोण, ते सांगायला हवं.

बाबा मोटारी भरायचे. म्हणजे पाण्याच्या पंपाची, पिठाच्या गिरणीची जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायची. हे काम एका पत्र्याच्या शेडमध्ये चालायचं आणि त्याच शेडच्या दुसऱ्या अर्ध्या भागात काकांचं लेथ मशीन होतं. मोटारीचा शाफ्ट झिजला की काकांनी तो लेथवर कातून मापात आणायचा, आणि बाकीचं बाबांनी बघायचं. दोघांची उमेदीची वर्षं त्या एका पत्र्याखाली गेली. काकांची भाषा अरबी, बाबांची मराठी, पण लेथच्या आवाजात बोलणार काय? करंगळी दाखवली की सूतभर कमी कर. तळहात खाली दाबला की मशीन बंद कर. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. रोज सकाळी शटर वर करताना काका म्हणायचे, "सबाह अल-खैर," आणि बाबा म्हणायचे, "हं." कामाला हात घातला की काका आणखी काहीतरी म्हणायचे, तेव्हाही बाबांचं "हं." मनात राग वगैरे काही नव्हता. रोजच्या माणसाला कसले रामराम घालायचे, एवढंच त्यांचं म्हणणं. घरीही त्यांचा तोच खाक्या. जेवण आवडलं तर ताट लख्ख, तेच आमचं प्रशस्तिपत्र.

बिनसलं ते एका दुपारी. काका लेथचा पट्टा बदलत होते, म्हणून मेन स्विच बंद केलेला होता. बाबांना एका गिऱ्हाइकाला मोटार चालवून दाखवायची होती. ते सरळ गेले आणि त्यांनी मेन चालू केला. विचारलं नाही, वळून बघितलं नाही. लेथचं स्वतःचं बटण चालूच राहिलं होतं. मशीन फिरलं आणि काकांची बाही आत ओढली गेली. काकांनी जीव खाऊन मागे झटका दिला, बाही खांद्यापासून फाटली म्हणून हात वाचला. पुढच्या क्षणी ते तसेच फाटक्या बाहीने आले आणि त्यांनी बाबांना दोन्ही हातांनी ढकललं. बाबा लोखंडाच्या किसाच्या ढिगात जाऊन बसले. गिऱ्हाइकं उभी होती. त्यातलं एक हसलं.

चूक कुणाची, हे शेंबडं पोरही सांगेल. पण बाबांच्या डोक्यात स्विच राहिला नाही, ढकलणं राहिलं, आणि त्याहून जास्त ते हसू राहिलं. हत्यारं पिशवीत भरून ते घरी आले, ते पुन्हा त्या शेडमध्ये गेले नाहीत.

थोड्या दिवसांनी काका आमच्या घरी आले. सोबत त्यांचे थोरले चुलते होते, पांढरी दाढी, हातात काठी. दोघांचे कपडे कडक इस्त्रीचे. मी तेव्हा नवी सून, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. "चला, आता मिटेल," असं पुटपुटत सासूबाई गॅसकडे वळल्या. हे लोक कॉफी पितात एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी घट्ट दुधाची, भरपूर साखरेची कॉफी केली, वर चमचाभर साय घातली आणि पाहुण्यांचे म्हणून कपाटात वरच्या फळीवर ठेवलेले कप काढले.

चुलत्यांनी कप हातात घेतला, मान लववली आणि कप तसाच समोरच्या टेबलावर ठेवून दिला. काकांनीही ठेवला. मग दोघे बाबांकडे बघत बसले.

"घ्या ना," बाबा म्हणाले.

चुलते अरबीत काहीतरी बोलले, अगदी सावकाश. काकांनी ते बाजारातल्या भाषेत सांगितलं, "चुलते म्हणतात, आधी आमचं एक ऐका."

"ऐकतो की. आधी कॉफी घ्या, मग बोलू."

"आधी बोलू."

"अहो, गार होतेय. आधी कॉफी घ्या."

आपल्याकडे दुसरं काय म्हणतात? वैरी दारात आला तरी आधी पाणी, मग चहा, मग काय भांडायचं ते भांडण. सासूबाईंना वाटलं, यांना दूध चालत नसेल. त्यांनी भरलेले कप उचलले आणि काळी, बिनसाखरेची कॉफी करून आणली. कप उचलले गेले तेव्हा चुलत्यांचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. का उतरला ते मात्र मला समजलं नाही. दुसरी कॉफीही दोघांनी तशीच टेबलावर ठेवली.

बाबांचा राग नेहमीच नाकाच्या शेंड्यावर. ते उठले. "माझ्या घरचं तोंडाला लावायचं नसेल," ते म्हणाले, "तर माझ्याशी बोलायचं तरी कशाला?"

काकांनी तोंड उघडलं होतं, पण चुलत्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. दोघे उठले. दारात थांबून काकांनी छातीवर हात ठेवला. बाबा पाठ करून उभे होते, त्यांना ते दिसलं नाही. सासूबाई ते गार कप हातात धरून कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. "माझ्या हातचं चाललं नाही त्यांना," त्या म्हणाल्या. पुढे दुखण्याने अंथरुणाला खिळल्या, तेव्हाही एकदा काही आठवून मला म्हणाल्या, "दुसऱ्या खेपेला मी दूध नव्हतं गं घातलं." त्या गेल्या, पण ते बोलणं माझ्या कानात राहिलं.

बाबांनी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गाळा घेतला. दोघे एकाच गावात म्हातारे झाले आणि एकमेकांचं तोंड बघितलं ते थेट दवाखान्यात.

वर्गात बाबा हळूहळू रमले. अरबीतला घशातून काढायचा आवाज काही केल्या त्यांना जमत नसे. बाई म्हणायच्या, खोलातून काढा. बाबा इतक्या खोलातून काढायचे की नर्स घाबरून पाणी आणायला उठायची. पण पाठ मात्र सगळं असायचं. कीफ हालक म्हणजे कसे आहात. त्यावर थेट कामाचं बोलायचं नाही. आधी प्रकृती, मग मुलंबाळं, मग भाऊबहीण, मग पुन्हा एकदा प्रकृती. "इतका वेळ चौकशीच करत बसलं तर काम कधी करायचं?" बाबांनी विचारलं. "चौकशी हेच पहिलं काम," बाई म्हणाल्या.

एके दिवशी त्यांनी नवं वाक्य दिलं, यातीक अल-आफिया. कुणी काम करताना दिसलं, रस्ता झाडत असो, खड्डा खणत असो, शिवत असो, तर जाता जाता त्याला म्हणायचं. देव तुला बळ देवो.

बाबा एकदम सरसावून बसले. "हे! हे तो रोज म्हणायचा. मी तार गुंडाळायला घेतली की म्हणायचा."

"आणि तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"हं," बाबांच्या आधी नर्सनेच उत्तर दिलं. एव्हाना सगळ्या वर्गाला माहीत झालं होतं. सगळे हसले, बाबाही हसले, पण घरी येताना वाटेभर ते वाक्य पुटपुटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घासत होते. बाबा पाणी प्यायला आले, घुटमळले, आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "यातीक अल-आफिया."

माझ्या हातातली कढई निसटता निसटता राहिली. "अल्लाह याफीक," मी त्याचं ठरलेलं उत्तर दिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या घरात माझ्या भांडी घासण्याची पहिल्यांदा दखल घेतली गेली, आणि तीही परक्या भाषेत. "मराठीत म्हणा की बाबा," मी चिडवलं.

"मराठीत लाज वाटते," ते म्हणाले आणि पाणी न पिताच बाहेर गेले.

मग तो कॉफीचा तास आला. बाईंनी घरून थर्मास आणला होता आणि कान नसलेले लहान लहान कप. कॉफी कशी द्यायची, कशी घ्यायची, ते शिकवणार होत्या. कप उजव्या हातात धरायचा. पुरे झालं की तो नुसता हलवायचा, म्हणजे यजमान पुन्हा ओतत नाही. ड्रायव्हर कप हलवायला विसरत होता आणि बाई ओतत होत्या, असं बराच वेळ चाललं. मग बाई म्हणाल्या, "आणि आणखी एक. पाहुणा काही मागायला आला असेल, तर तो कॉफी पीत नाही. कप घेतो आणि समोर ठेवून देतो."

"का?" नर्सने विचारलं.

"यजमानाला कळावं म्हणून. हा मुलीसाठी मागणी घालायला आलाय, नाहीतर भांडणाची माफी मागायला आलाय. सोबत घरातलं मोठं माणूस आणतो, शब्दाला वजन यावं म्हणून. यजमानाने मग विचारायचं, तुमचं काय काम आहे? आणि म्हणायचं, इश्रब कहवतक. तुमची कॉफी प्या, ज्यासाठी आलात ते मिळालं. तोवर पाहुणा कपाला ओठ लावत नाही."

"आणि यजमानाने म्हटलंच नाही तर?"

"तर पाहुणा उठून जातो. भरलेला कप परत गेला, की नकार मिळाला. पण असं सहसा कुणी करत नाही. माफी मागायला दारात आलेल्या माणसाला तसं परत पाठवायला काळीज दगडाचं लागतं."

मी बाबांकडे बघितलं नाही. मला ते धैर्य झालं नाही. तास संपल्यावर आम्ही निघालो, आणि जिन्याच्या अर्ध्यावर बाबा कठडा धरून थांबले.

"तो माफी मागायला आला होता," ते म्हणाले.

"हो बाबा."

"तो. माझ्या चुकीची." ते पायरीवरच बसले. "आणि तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं गं, की तिच्या हातचं चाललं नाही. तिला तरी सांगता आलं असतं."

सासूबाई गेल्या तेव्हा ज्या माणसाने डोळ्याला रुमाल लावला नव्हता, तो वाचनालयाच्या जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत रडला. मला बाबांचा राग आला होता आणि कीवही आली होती. थोडा राग काकांचाही आला. तोंडाने सांगून टाकायचं होतं ना सरळ! ताकाला जाऊन भांडं लपवलं असं मी म्हणणार होते, पण त्यांनी ते कुठे लपवलं होतं? आमच्याच टेबलावर, आमच्या नाकासमोर ठेवलं होतं.

"उद्याच जाऊ," मी म्हटलं.

"उद्या नको. आधी नीट शिकतो. तिथे जाऊन चुकलो तर?"

"बाबा, परीक्षा नाहीये ती."

ऐकलं तर ते बाबा कसले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आरशासमोर उभं राहून ते वाक्यं घोटत राहिले, छातीवर हात ठेवून बघत राहिले. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता मोसम बदलला. शेवटी एका सकाळी त्यांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला आणि म्हणाले, "गाडी काढ."

काकांच्या लेकीने दार उघडलं. बाबांना तिने लगेच ओळखलं, लहानपणी शेडमध्ये डबा घेऊन यायची. तिने आम्हाला दारातच थांबवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "माझे वडील आता कुणाला ओळखत नाहीत. बाजारातली भाषा तर पार विसरले. अरबी तेवढी राहिलीय."

"कधीपासून?" मी विचारलं.

"हळूहळू होत होतं. दवाखान्यात तपासण्या चालल्या होत्या, तिथे तुम्ही भेटला होतात ना? त्या दिवशी घरी आले ते काय खूश होते! म्हणाले, आज माझा भागीदार दिसला. त्यानंतर बाहेरचं कुणी त्यांनी ओळखलंच नाही."

बाबांनी चौकटीला हात टेकला. मग सदरा सारखा केला आणि आत गेले. मी दारापाशीच थांबले. खोली लहान, नीटनेटकी. खिडकीशी पलंग, फळीवर औषधं, मधे टेबल, आणि खुर्चीत काका. बारीक झाले होते, पण दाढी छान केलेली होती.

"सबाह अल-खैर," बाबा म्हणाले.

"सबाह अन-नूर," काका म्हणाले. लगेच, जराही न अडखळता.

"कीफ हालक?"

"अल्हम्दुलिल्लाह." आणि उलट काकांनी प्रकृती विचारली, मुलंबाळं विचारली, भाऊबहीण विचारले. बाबा उत्तरं देत गेले. एकही चुकलं नाही. त्यांचा चेहरा असा उजळला की मलाही वाटलं, ओळखलं वाटतं! तेवढ्यात काकांनी मान वळवून लेकीला काही विचारलं. तिने खाली बघितलं.

"ते विचारतायत, हे गृहस्थ कोण? म्हणतात, बोलतात फार अदबीने."

कॉफी आली. बाबांनी कप घेतला, मान लववली आणि कप समोर टेबलावर ठेवला. लेकीचे डोळे भरून आले, तिला कळलं. काकांनी मात्र स्वतःचा कप तोंडाकडे नेता नेता थांबवला. ते बाबांच्या भरल्या कपाकडे बघत राहिले. मग आपलाही कप त्यांनी खाली ठेवला आणि हळूहळू बोलायला लागले. लेक थांबत थांबत सांगत गेली.

"म्हणतायत, असाच कप मी एकदा ठेवला होता. माझा एक भागीदार होता. काय हात होता त्याचा! तारेला तार अशी लावायचा की मधून केस जाणार नाही. मी त्याच्यावर हात टाकला. मग थोरल्या चुलत्यांना घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने आमच्यासाठी दोनदा कॉफी केली. चांगली बाई. वासावरून कळत होतं, मन लावून केली होती. पण त्याने शब्द दिला नाही."

बाबा लेकीकडे वळले. "सांग त्यांना," ते म्हणाले, "की तो मीच."

लेकीने सांगितलं. काकांनी बाबांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि ते मायेने हसले. लहान मुलाने थाप मारली की आपण हसतो तसे.

"म्हणतायत, नाही नाही. तो तरुण आहे. आणि त्याला सबाह अन-नूर कुठलं म्हणायला येतंय? त्याला काहीही म्हणा, तो 'हं' म्हणतो."

बाबांनी 'हं' म्हणूनही बघितलं. पण मुद्दाम म्हणायला गेल्यावर तो नुसताच खाकरल्यासारखा आवाज आला, आणि काकांनी आदराने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. इतके महिने धडपडून बाबा त्या माणसाशी बोलण्याजोगे झाले होते, आणि त्यामुळेच तो त्यांना ओळखत नव्हता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बाबा पुढे झुकले. त्यांनी टेबलावरचा काकांचा कप उचलला, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला आणि घोटून घोटून पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "तुमचा भागीदार म्हणतो," एवढं त्यांनी लेकीला सांगायला लावलं आणि पुढचं स्वतः म्हटलं, "इश्रब कहवतक."

काकांनी कप घेतला नाही, तर बाबांचं मनगट धरलं आणि घाईघाईने काही विचारलं.

"विचारतायत," लेक म्हणाली, "खरंच म्हणाला? त्याने स्वतः?"

"हो म्हणावं. स्वतः."

काकांनी पुन्हा विचारलं. या वेळी आवाज लहान होता.

"मग तो का नाही आला?"

याचं उत्तर बाबांना बाईंनी शिकवलं नव्हतं. त्यांनी मनगटावरच्या काकांच्या हातावर आपला हात ठेवला. "सांग," ते म्हणाले, "येतोय म्हणून सांग. वाटेत आहे."

लेकीने सांगितलं. काकांनी डोळे पुसले आणि तिच्यावर भराभर हुकूम सोडले, ते तिने भाषांतर न करताही कळत होते. ही कॉफी गार झाली, ने. ताजी ठेव. सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी स्वतः लावलं, कुणाला लावू दिलं नाही. मग खुर्ची दाराकडे वळवून मागितली. लेकीने वळवून दिली. बाबांनी आपली खुर्ची ओढत नेऊन त्यांच्या शेजारी लावली, आणि दोघे दाराकडे बघत बसले.

मी दारातच उभी होते, ती बाजूला झाले.